विनंती थांब्याचे मास्तर

"कुठं जायचं?"

हॉटेलात पाऊल टाकल्याबरोबर कुणी असं विचारलं तर माणूस गोंधळणारच. मीही गोंधळले. म्हटलं, "कुठे नाही, जेवायला आलेय." समोर खाकी शर्टातला, पांढऱ्या मिशांचा एक उंच माणूस उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "जेवायलाच हो. पन शिरूरला बसनार का अलिबागला? खोपोली फुल्ल हाय."

मग उलगडा झाला. टेबलांना एस.टी.च्या थांब्यांची नावं होती. मागच्या भिंतीजवळचं राहुरी, त्याच्यापुढे नगर, शिरूर, पुणे, खोपोली, आणि पुढे रस्त्याकडे, कोळशाच्या भट्टीला चिकटून, अगदी शेवटचं अलिबाग. जितकं समुद्राच्या जवळ बसाल तितका मासा गरम मिळेल, असा हिशेब. अलिबागच्या टेबलाशेजारी भिंतीवर रंगवलं होतं : 'महिला व वृद्धांसाठी राखीव'. आणि हॉटेलचं नाव होतं 'विनंती थांबा'.

हा माणूस उभी नोकरी एस.टी.त कंडक्टर होता. राहुरीकडे कंडक्टरला मास्तर म्हणतात. मी तिथल्या शाळेत शिकवत होते, त्यामुळे गावात गंमत अशी की शिकवायचं मी आणि मास्तर म्हणायचं यांना. ते मला 'बाई' म्हणायचे. मी त्यांचं खरं नाव कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी बिल्ला नंबर सांगितला असता, अशी माझी खात्री आहे.

छताखालून एक दोरी गेली होती, आणि दोरीच्या टोकाला भट्टीपाशी पितळी घंटी. एखाद्या टेबलाचं जेवण तयार झालं की मास्तर दोनदा दोरी ओढत. टण टण. डबल बेल म्हणजे गाडी सोडा. मासा संपला की एकदाच ओढत, आणि मग कितीही मोठा माणूस दारात आला तरी, "गाडी गेली, उद्या या." कालचा मासा आज तव्यावर चढला असं कधी झालं नाही. "शिळा मासा आन् शिळं तिकीट, दोन्ही आपल्या गाडीत चालत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते ऐकलं की भट्टीमागून काकू म्हणायच्या, "यांनी एस.टी. सोडली, पन एस.टी.नं यांना न्हाई सोडलं."

काकू म्हणजे त्यांची बायको. सगळा मसाला त्यांच्या हातचा, आणि गंमत बघा, त्या स्वतः माशाला शिवत नसत. मसाल्याचं मीठ-तिखट नुसत्या वासावर सांगायच्या. त्याच भट्टीच्या कोपऱ्यात त्यांचं एक वांगं भाजत पडलेलं असायचं. कुणी कौतुक केलं तर म्हणायच्या, "चांगलं झालंय व्हय? मला काय ठाव." 

आता हे हॉटेल कुठे होतं ते सांगायला हवं, नाहीतर यातला हट्ट कळायचा नाही. राहुरीच्या बाहेर, हमरस्त्याला. या रस्त्याने सगळी देवदर्शनाची वाहतूक. दुतर्फा 'शुद्ध शाकाहारी'च्या पाट्या, आणि त्या शुद्ध अक्षरांच्या मागच्या गल्लीत, पत्र्याच्या आडोशाने, ढाबे. आमच्या भागात लोक मटण-मासे खात नाहीत असं नाही. भरपूर खातात. फक्त ते कुणी बघू नये अशी व्यवस्था करून खातात. ढाब्यात बाईमाणूस दिसलं की वेटर काही न विचारता मागे हात करतो : फॅमिली रूम तिकडे. फॅमिली रूम म्हणजे प्लायवूडचा खोका आणि पुढे एक पडदा. त्या पडद्याला आधी जेवून गेलेल्यांनी हात पुसलेले असतात, त्यामुळे तो कडक झालेला असतो. मी लग्नानंतर अशा खोक्यांत बसून जेवलेली आहे. आत उजेड कमी, पंखा नाही, आणि बाहेर पिणाऱ्यांचा गोंगाट. आपण जेवायला आलोय की लपायला, ते शेवटपर्यंत कळत नाही.

मास्तरांकडे पडदा नव्हता. दर्शनी बाजूला शटर वर केलं की आतलं सगळं रस्त्यावरून दिसायचं. भट्टी तर पार पुढे, पायरीलगत. तेलाचं पिंप उभं कापून त्यावर जाळी टाकलेली. तिच्यावर बांगडे, सुरमईच्या तुकड्या, मुळा धरणाची मरळ, काड्यांना टोचलेली कोंबडी. दारू नाही. "प्यायची आसंल तर खाली उतरा," एवढंच. त्यामुळे सुरुवातीला बापई गिऱ्हाईक फारसं टिकलं नाही आणि बायका यायला लागल्या. आधी परिचारिका, मग बँकेतल्या दोघी, मग आम्ही शाळेतल्या.

माशाचं मला काही कळत नव्हतं. माझ्या माहेरी कांदासुद्धा चातुर्मासात जिना चढून वर येत नसे. पहिल्या दिवशी मास्तरांनी ताटात अख्खा बांगडा ठेवला आणि माझा चेहरा बघून समोरच्या खुर्चीवर बसले. "बाई, गाडीत चढताना काय म्हनतो आमी? आधी उतरनाऱ्यांना उतरू द्या. मधला काटा आधी उतरवायचा. मंग जागाच जागा." तो काटा शेपटीकडून एका ओढीत निघाला. त्या दिवशी मी रस्त्याकडे तोंड करून, एकटी, दिवसाउजेडी पोटभर जेवले. घरी जाताना मला अशी तरतरी आली होती की नवऱ्याने विचारलं, पगारवाढ झाली का?

हॉटेलच्या पहिल्या दिवसाची गोष्ट गावात अजून सांगतात. मास्तरांनी उद्घाटनाला रविवार धरला. मांसाहाराचा हुकमी वार. मासा मुंबईहून बर्फात घालून मागवला, काकूंनी मसाला वाटून ठेवला. फक्त एक गोष्ट पाहिली नाही. त्या रविवारी संकष्टी होती. सगळी नोकरी दिवाळी-दसऱ्याला गाडीवर काढलेल्या माणसाला वार कळतो, तिथी कुठून कळणार? सकाळी शेजारचे दुकानदार येऊन म्हणाले, "मास्तर, आज शटर लावा, उद्या उघडा. कुत्रंसुद्धा यायचं नाही."

मास्तर म्हणाले, "सुटायची येळ झाली की गाडी सुटती. रिकामी आसली तरी."

आणि त्यांनी भट्टी पेटवली. दुपारपर्यंत खरोखर कुणी फिरकलं नाही. मग समोरून रस्ता ओलांडून एकच माणूस आला. तो यांच्या गाडीवरचा जुना ड्रायव्हर. रस्त्यापलीकडे त्याची शेती आणि कांद्याची चाळ होती. तो म्हणाला, "मला कसली चतुर्थी? मला शुगर हाय, उपास झेपत न्हाई." मास्तरांनी त्याला अलिबागला बसवलं, बांगडा उलटला आणि डबल बेल दिली. त्याबरोबर ड्रायव्हरचा डावा हात आपोआप गिअरकडे गेला. काकू सांगतात, की त्या दिवशी दोघं म्हातारे डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. नंतर ड्रायव्हरने डेपोत फोन केले. संध्याकाळपर्यंत खाकी कपड्यातली माणसं येत राहिली आणि मासा संपला.

तेव्हापासून पंचांग बघूनच उलटं वागायचं असं मास्तरांनी ठरवलं की काय कोण जाणे. गटारीला, म्हणजे आषाढातल्या शेवटच्या दिवशी, आख्खा तालुका मटणाच्या दुकानापुढे रांग लावतो, तेव्हा हे हॉटेल बंद. आणि दुसऱ्या दिवशी श्रावण लागला, सगळ्या ढाब्यांना कुलपं लागली, की यांची भट्टी पेटलेली. मी एकदा म्हटलं, "मास्तर, हा कुठला हिशेब?" म्हणाले, "वखवखून खानाऱ्याला कुठंबी मिळतं, बाई. ज्याला रोजच्यासारखं दोन घास खायचेत त्यानं म्हयनाभर कुठं जायचं? ज्येच्या घरी श्रावण न्हाई, त्यो काय गावातला न्हाई का?"

पण खरी वादावादी व्हायची ती काळ्या पिशवीवरून. आमच्याकडे अंडी असोत की मटण, दुकानदार काळ्या पिशवीत घालून देतो. पांढऱ्या पिशवीतून दुधी न्यावा, काळीतून कोंबडी. गावाला पिशवीवरून आतलं कळतं, तरी पिशवी काळीच हवी. मास्तर पार्सल द्यायचे ते स्टीलच्या डब्यात नाहीतर केळीच्या पानात, आणि वर कागद गुंडाळायला मागितला तर साफ नकार. एक प्राध्यापक रागावून निघून गेले. मास्तरांनी त्यांचा मासा माझ्या ताटात वाढला.

त्या दिवशी हॉटेल रिकामं होतं. मी म्हटलं, "कशाला एवढं ताणायचं? पिशवीच तर आहे."

मास्तरांनी चिमट्याने निखारे सारखे केले. मग भट्टीकडे बघतच बोलले.

"नोकरीला नवा हुतो. अलिबागला मुक्कामी गाडी. रातचं समदे जेवायला गेले आन् मी गाडीतच, मागच्या शिटावर, दिवा मालवून भाकर सोडली. एक कोळीन टोपली घेऊन चालली हुती. तिनं काचंतून बघितलं. म्हनली, अंधारात कोन जेवतं रं? चोर हायेस का? चल भाईर. तिनं तिच्या ओट्यावर, समद्या आळीपुढं बसवलं मला. मासा वाढला. कोन, कुठला, काय सुदिक इचारलं न्हाई." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मी अंधारात का बसलो हुतो, ठाव हाय बाई? सवय. आमचा आजा उभ्या जल्मात गावाकडं पाठ करून जेवला. त्येचं खानं दिसलं तर लोकांचा दिस नासायचा म्हनं. छप्पन सालच्या दीक्षेनंतर आमच्या बापानं तोंड फिरवलं गावाकडं. दारात बसून जेवायचा, मुद्दाम. आन् मी आता गिऱ्हाइकाला काळी पिशवी देऊ?"

आमच्या घरात सात पिढ्या पाट मांडून जेवल्या आणि कुणाला पाठ करावी लागली नाही. मला राग आला तो कुणाचा, ते नीट सांगता येणार नाही, पण त्या दिवशी मी घरी डबा नेला तो उघड्या हातात, बाजारपेठेतून.

गाळा ज्यांचा होता ते मालक त्याच इमारतीत वर राहत. माणूस वाईट नव्हता. फक्त 'लोक काय म्हणतील' हे लोकांच्या आधी त्यांना ऐकू यायचं. हॉटेल चालायला लागलं, बायका-पोरी पुढे बसून हसत-बोलत जेवायला लागल्या, तशी त्यांच्याकडे कुजबूज पोचली. एका दुपारी ते खाली आले. आम्ही शाळेतल्या तिघी अलिबागला होतो.

"मास्तर, रस्त्यावर देवाची गर्दी असते," ते म्हणाले. "बायकामाणसं सगळ्यांदेखत काटे चोखत बसतात, बरं दिसत नाही. आणि आईला तुमच्या भट्टीचा वास सहन होत नाही. म्हातारं माणूस आहे. भट्टी मागे न्या आणि पुढे पडदा लावा. पडदा मी देतो. रविवारपर्यंत लावा, नाहीतर गाळा मोकळा करा."

मास्तर म्हणाले, "आजींना वास सोसत न्हाई म्हनत्यात, तर भट्टीला धुराडं बांधतो, पार गच्चीच्या वर. पडद्याचं मात्र न्हाई जमायचं."

"रविवारपर्यंत," एवढं बोलून मालक वर गेले.

पडदा खरोखर आला. हिरवागार, जाड, मोठ्या फुलांचा. काकूंनी तो मांडीवर घेतला आणि पहिल्यांदाच मी त्यांना रडवेलं झालेलं पाहिलं. "लावा की हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "सगळं ह्येच्यात घातलंय आपन. ह्या वयात कुठं जायाचं? पडदाच हाय, कुनी फाशी देत न्हाई."

मास्तर घंटीची दोरी धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पडद्याला लोक शेवटी काय करत्यात? हातच पुसत्यात. मंग सरळ हात पुसायलाच देऊ."

काकूंनी त्यांच्याकडे बघितलं. डोळे पुसले. मग, मला वाटतं, त्यांच्यातही काहीतरी उसळलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा त्या शिलाई मशीनवर बसल्या होत्या आणि त्या पडद्याचे हातभर चौकोन कापून, कडा दुमडून, एकेक शिवत होत्या. अगदी मन लावून. फूल बरोबर मधे येईल असं.

रविवारी शटर नेहमीसारखं वर गेलं. भट्टी पायरीलगतच होती. प्रत्येक ताटाशेजारी हिरवा फुलांचा रुमाल. मालक खाली आले, पायरीवर उभे राहिले, आणि त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मास्तरांनी अदबीने एक रुमाल त्यांच्यापुढे धरला. "बसा मालक. पुन्याला जागा हाय."

मालकांनी रुमाल घेतला नाही. "महिनाअखेर गाळा मोकळा हवा," म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, आणि म्हणूनच ते खरं वाटलं. परिचारिका घास हातात धरून बसल्या होत्या. मास्तरांनी दोरीला हात घातला आणि डबल बेल दिली, जणू एखादा प्रवासी उतरला एवढंच.

गावात सगळे म्हणाले, संपलं. दुसरा गाळा कुणी द्यायला तयार नव्हतं. कुणी म्हणायचं जागा देऊ, पण मागच्या गल्लीत. कुणी म्हणायचं देऊ, पण पाटीवर 'मासे' लिहू नका. मास्तर ऐकून घेत आणि म्हणत, "आडरस्त्याला आपली गाडी जात न्हाई." पण मी त्यांचा चेहरा बघत होते. रोज थोडा उतरत होता. काकू वांगं भाजायला टाकायच्या आणि विसरायच्या.

शेवटी तोच ड्रायव्हर आला. म्हणाला, "मास्तर, माझी कांदा चाळ मोकळी पडलीय. कांदा इकला. हमरस्त्यालाच हाय. बगा."

कांद्याची चाळ ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. कांदा कोंडला की सडतो, त्याला चारी बाजूंनी वारा लागतो. म्हणून चाळीला भिंती नसतात. वर पत्रा, खाली खांब, आणि बाजूंना फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या. मास्तरांनी आत जाऊन एक फेरी मारली. मग म्हणाले, "ह्या पट्ट्या काढल्या तर?"

पट्ट्या निघाल्या. उरले नुसते खांब आणि पत्रा. महिनाअखेरीला भर दुपारी, भर रहदारीत, मास्तरांनी शिट्टी तोंडात धरून दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या आणि टेबलं रस्ता ओलांडून नेली. राहुरी, नगर, शिरूर, पुणे, खोपोली. अलिबागचं एक टोक मी धरलं होतं, माझ्या शाळेतली मुलं एस.टी.च्या खिडकीतून बघत होती, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही. दोरी खांबांवरून ताणली गेली. आता हॉटेल चारी बाजूंनी उघडं होतं. पडदा लावायचा म्हटला तरी लावणार कशाला?

नंतर माझी श्रीगोंद्याला बदली झाली. राहुरीतल्या शेवटच्या रविवारी मी निरोपाला गेले होते. हॉटेल भरलेलं. इतक्यात समोरच्या इमारतीतून काठी टेकत एक म्हातारी बाई निघाली. डोक्यावर पदर, नऊवारी, पाठीत वाकलेली. मालकांची आई. आजवर ती मला फक्त वरच्या गॅलरीत बसलेली दिसायची. ती रस्त्याच्या कडेला येऊन थांबली. मास्तरांनी शिट्टी काढली, दोन ट्रक थांबवले आणि तिला हाताला धरून पलीकडून आणलं.

"कुठं जायचं, आजी?"

"कुठंबी सोड," आजी धापा टाकत म्हणाली. "मासा मिळंल तिथं."

तिला अलिबागला, माझ्या शेजारी बसवलं. मास्तर जरा बिचकत म्हणाले, "आजी, पन तुमाला तर वास सोसत न्हवता."

"मला?" आजी म्हणाली. "माझं म्हायेर अकोले तालुक्यातलं, मुळा धरनाच्या वरच्या अंगाला. नदीतले मासे, खेकडे खाऊन वाढलो आमी. तुजी भट्टी खाली हुती तवा त्या वासावर दोन भाकरी जायच्या मला. तू हिकडं आलास आन् माझं जेवानच गेलं. पोरानं माझं नाव पुढं केलं. मला कुनी इचारलं का?"

वर, रस्त्यापलीकडच्या गॅलरीत, मालक येऊन उभे राहिले. मधे काहीच नव्हतं. त्यांना आम्ही दिसत होतो आणि आम्हाला ते. काकू भट्टीमागून पुढे आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "आजी, ते बघत्यात. ती खुर्ची तिकडं फिरवून देऊ का?"

"का?" आजी म्हणाली. "मी काय चोरी करते?"

मास्तरांनी मरळीचा सगळ्यात चांगला तुकडा जाळीवर टाकला. भाजून झाला तेव्हा त्यांनी दोरी ओढली, टण टण, आणि मी सांगते, इतक्या जोरात ती घंटी पूर्वी कधी वाजली नव्हती. आजीला काटा कसा काढायचा ते कुणी शिकवायची गरज नव्हती. ती सावकाश, रस्त्याकडे तोंड करून, शेवटच्या काट्यापर्यंत जेवली. मग तिने हिरवा रुमाल उचलला, बोटं पुसली, आणि तो डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"ह्ये फुलांचं कापड आमच्या घरातलं दिसतंय."

"व्हय आजी," मास्तर म्हणाले, "तुमच्या लेकाचंच हाय. लई चांगलं पुसतं."